कोडं पोरांना घालू द्या

आधी एक कोडं घ्या. आकाशात आली की लोक घरात पळतात, घरातून गेली की लोक बाहेर येतात. ओळखा कोण?

उत्तर खाली येईल. फोनवर शोधत बसू नका, सापडणार नाही, कारण हे कोडं आमच्या पोशीरच्या एका सहावीतल्या मुलीने स्वतः तयार केलंय आणि तिने ते मला घातलं. मला चार-पाच मिनिटं काही सुचेना. एवढा मोठा माणूस डोकं खाजवत बसलाय हे बघून तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी तिच्या कुठल्याच प्रगतिपुस्तकाच्या दिवशी पाहिलेला नाही. “हरलो म्हणा, मग सांगते,” म्हणाली. मी म्हटलं. आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती लिहितो. पोस्ट मोठी आहे, जेवण झाल्यावर वाचा.

गोष्ट अशी. आपल्या मुलांना दिवसभर प्रश्न विचारले जातात. बाई विचारतात, सर विचारतात, गाईड विचारतं, चाचणी विचारते, घरी आलं की आपण विचारतो, पाहुणे आले की तेही “सतरा साते किती रे?” म्हणून विचारतात. मूल बिचारं उत्तरं देत राहतं. दहा वर्षांच्या शाळेत त्याने स्वतः विचारलेला, समोरच्याला अडवणारा, असा प्रश्न किती वेळा येतो? फार तर “बाई, जाऊ का?” एवढाच. कोड्यात हे उलटं होतं. उत्तर मुलाकडे असतं आणि अडलेला असतो तो मोठा माणूस. थोडा वेळ का होईना, मूल शिक्षक होतं. मला वाटतं कोड्याची खरी किंमत इथे आहे. “बुद्धीला चालना मिळते” वगैरे जे छापील वाक्य असतं ते चूक नाही, पण ते दुय्यम आहे.

आपल्याकडे कोड्याला शब्द तरी किती. आज उखाणा म्हटलं की लग्नात नाव घेणं एवढंच आठवतं, पण मुळात उखाणा म्हणजे कोडंच. हुमाण हा आणखी एक जुना शब्द, तो आता कोकणीत जास्त ऐकू येतो. संतांची कूटं आहेतच, ज्यांचा अर्थ लावता लावता कीर्तनकारांची रात्र सरते. दुर्गाबाई भागवतांना हा विषय इतका महत्त्वाचा वाटला, की भारतीय जीवनातल्या आणि साहित्यातल्या कोड्यांवर त्यांनी इंग्रजीत एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. ते १९६५ साली आलं. सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीने गावोगावच्या बायकांकडून ओव्या, गाणी, उखाणे गोळा केले. म्हणजे जाणकारांनी हा ठेवा कधीच पोरखेळ मानला नाही. पोरखेळ मानला तो आपण, म्हणजे शिकलेल्या आईबापांनी.

आणि कोडं म्हणजे काय असतं हो शेवटी? रोजची वस्तू घ्यायची, तिचं नाव लपवायचं आणि ती अशी दाखवायची की ओळखीची असून ओळखू येऊ नये. हे बघा: हिरवी होती तेव्हा पाण्यात ताठ उभी राहिली, पिवळी झाली तेव्हा मान खाली घातली, कापली तेव्हा सगळ्या गावाला जेवू घातलं. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही सुटेल, भाताची लोंबी. पण हे कोडं रचायचं तर आधी शेतात उभं राहून आवणीपासून कापणीपर्यंत भाताकडे नीट बघावं लागतं. बघितल्याशिवाय कोडं होत नाही. आपली नदी घ्या. पावसाळ्यात गावाला धाक घालते आणि उन्हाळ्यात तिच्या अंगावर पोरं क्रिकेट खेळतात. एका वाक्यात वर्ष आलं की नाही?

(सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर वीज. ज्यांनी ओळखलं त्यांना शाबासकी. ज्यांच्याकडे काल रात्री गेली होती त्यांना लवकर सुटलं असेल.)

आता आकड्यांकडे येतो, कारण घराघरात रडारड होते ती गणितावरून. २०१९ आठवतंय का? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला “वीस एक” असं वाचायची पद्धत दिली होती आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे भाषातज्ज्ञ झाले होते. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीवर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, की लहान मुलांना मराठीतली जोडाक्षरी संख्यानामं जड जातात, सोपी वाट देऊन बघू. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. एकोणसत्तर ऐकलं की पोरगं आधी सत्तरच लिहिणार, यात त्याचा दोष काय? पण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना एक तिसरी वाट सुचली असती तर बरं झालं असतं. ती म्हणजे हीच अडचण कोडं म्हणून मुलांपुढे टाकायची.

विचारून बघा तुमच्या चौथीतल्या पोराला. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असं करत एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे “एकोण” आहे. म्हणजे पुढच्यापेक्षा एक कमी. मग नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत? किंवा हे: साडेतीन आहे, साडेचार आहे, साडेनऊ आहे, मग साडेएक आणि साडेदोन कुठे गेले? पोरगं आधी हसतं, मग बोटं मोजतं, मग “दीड! अडीच!” म्हणून ओरडतं. यात पाठांतर आपोआप होतं आणि रडणं होत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी पाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. आज हा शब्दच कोड्यासारखा वाटतो. ते सगळं परत पाठ करा असं मी म्हणत नाही, कॅल्क्युलेटर आहे, देवाची कृपा. पण साडेतीनला एक सबंध वेगळा शब्द होता, हे मुलाला कळलं तर त्याला आपल्या भाषेची मजा कळेल.

इथे कोणीतरी म्हणेल की कोडी तर रोज येतात की, व्हॉट्सअपवर. येतात ना. “फक्त जिनिअस सोडवू शकतात”, “९९ टक्के लोक चुकतात”, खाली केळी, सफरचंद आणि बेरजेचं चिन्ह. त्यातलं एक २०१९ मध्ये जगभर फिरलं होतं: ८ ÷ २(२+२). अर्धं जग १६ म्हणत होतं, अर्धं १. भाऊ भावाशी भांडला. मला विचाराल तर ते कोडंच नाही. तो नीट न लिहिलेला प्रश्न आहे. कंस आणखी एक घातला असता तर भांडणच नव्हतं. चांगल्या कोड्यात उत्तर कळल्यावर आपण कपाळावर हात मारतो, “अरे, हे तर समोरच होतं!” वाईट कोड्यात उत्तर कळल्यावर आपण विचारणाऱ्याच्या अंगावर जातो. फरक ओळखायला एवढी खूण पुरे.

दुसरा नमुना गाईडांचा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी असते. कल्पना उत्तम आहे, आकृत्या, संख्यामालिका, सांकेतिक भाषा, सगळी कोडीच. पण आपण काय केलं? त्याचेही क्लास काढले. “मालिका आली की आधी फरक काढ, फरक सारखा नसेल तर वर्ग बघ, वर्ग नसेल तर घन बघ.” मुलं विचार न करता यंत्रासारखी उत्तरं काढतात. तालुक्यात एका ठिकाणी मी मुलांची कोड्यांची स्पर्धा बघितली. घंटी वाजवा, दहा सेकंदात उत्तर द्या, नाहीतर बाद. कोड्याला दहा सेकंद! अहो, कोडं रात्री जेवताना घालायचं आणि उत्तर सकाळी दात घासताना सुचायचं, ही त्याची रीत. मधली सगळी रात्र ते डोक्यात कुठेतरी शिजत असतं. ज्या पोराला लवकर सुचत नाही ते मठ्ठ, असं शिकवणारी स्पर्धा न भरवलेली बरी.

आता आपल्या लाईनवरच्या एका माणसाची गोष्ट सांगतो. म्हणजे आपल्या गाडीच्या लाईनवरच्या. कर्जतहून मुंबईला जाताना कल्याण सोडलं की ठाकुर्ली, मग डोंबिवली येतं. रोज गर्दीत चेंगरताना आपण त्या स्टेशनला काय काय बोलतो ते सोडा. पण दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाच्या एका शाळामास्तरांना त्या स्टेशनवर संख्यांची एक गंमत सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनच्याच नावावरून डेम्लो संख्या म्हटलं. बघा: ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ गुणिले ११११ म्हणजे १२३४३२१. डोंगर चढावा आणि उतरावा तसं. पोराला पहिले दोन गुणाकार करू द्या आणि तिसरा न करता सांगायला लावा. मग विचारा, हे असंच कुठवर चालेल? कुठेतरी हा डोंगर मोडेल का? ते शोधायला त्याला एक दुपार लागेल. लागू द्या.

कापरेकर मूळचे डहाणूचे, जन्म १९०५. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनमध्ये. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवलं. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आपल्याकडच्या मोठ्या गणित्यांनी त्यांचं काम बहुतेक किरकोळ मानलं, आकड्यांशी खेळणारा मास्तर म्हणून. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते नाव जगभर गेलं. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध संख्या ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत एवढीच अट. अंक मोठ्यापासून लहान असे मांडा, मग लहानापासून मोठे असे मांडा, वजाबाकी करा. जे येईल त्याचं परत तसंच. करत राहा. शेवटी ६१७४ येतं आणि तिथेच अडकतं. सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत.

आपल्या मुलांसाठी १९०७ घ्या. का? कारण नेरळहून माथेरानची छोटी गाडी त्या साली सुरू झाली. ९७१० वजा ०१७९, आले ९५३१. मग ९५३१ वजा १३५९, आले ८१७२. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ही संख्या अगदी माथेरानच्या गाडीसारखीच आहे, वळणं घेत घेत जाते आणि बरोबर सातव्या वजाबाकीला वर पोचते. पोरांना त्यांच्या जन्माचं साल घेऊ द्या. आजीचं साल घेऊ द्या. कोण किती वजाबाक्यांत पोचतं ते बघू द्या. वजाबाकीची पन्नास गणितं गृहपाठाला दिली तर पोरगं पोट दुखतंय म्हणतं, आणि इथे तीच वजाबाकी पन्नास वेळा आपणहून करतं.

कापरेकरांच्या आधीही हे आपल्याकडे होतंच. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. गणिताचं पुस्तक, पण भुंगे, कमळं, मोर, साप यांनी भरलेलं, आणि प्रश्न विचारलेत ते “बाळे, सांग बघू” अशा सुरात. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा. म्हणजे कोड्यातून गणित ही काही फिनलंडहून आणायची पद्धत नाही, गावातलीच आहे. आपण त्यांचे भुंगे सोडून आपले बगळे घेऊ. भात कापून झाल्यावर पोशीरच्या शेतांत बगळे उतरले. निम्मे नदीत, चौथा भाग शेतात, आठवा भाग म्हशींच्या पाठीवर, आणि उरलेले तीन वडावर. एकूण किती? समीकरण न मांडता सातवीच्या मुलाने सोडवून दाखवावं. पाचवीचं मूल चित्र काढून सोडवतं, हे मी बघितलंय.

आता जे खरं सांगायचंय ते.

आपल्या तालुक्यात कातकरी आणि ठाकूर वाड्या किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पोशीरच्या आसपासही आहेत. या वाड्यांवरचं मूल पहिलीत येतं तेव्हा घरी बोलते ती भाषा आणि पुस्तकातली भाषा यांत अंतर असतं. ते गप्प बसतं. बाईंना वाटतं याला काही येत नाही. दोन वर्षं गप्प बसलं की खरंच काही येईनासं होतं. त्यात दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं त्यांच्याबरोबर जातात. परत येतात तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा कोणती यावरून राज्यात किती रणकंदन झालं, जून अखेरीला सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. मीही त्या वादात हिरिरीने लिहीत होतो. पण कातकरी पोराची पहिली भाषा वर्गात कुठे आहे, हा प्रश्न त्या सगळ्या गोंगाटात फारसा ऐकू आला नाही.

याच मुलाला तुम्ही एकदा कोडं घालायला सांगा. त्याच्या भाषेत. जंगलातलं, नदीतलं, मधाच्या पोळ्याचं, खेकड्याच्या बिळाचं, पहिल्या पावसात वर येणाऱ्या माशांचं. वर्गातली बाकीची मुलं, ज्यांना टॅबवर अख्खं जग दिसतं, त्यांना ते सुटणार नाही. बाईंनाही सुटणार नाही. आणि जे मूल दोन वर्षं मागच्या बाकावर खाली मान घालून बसलंय, ते वर बघेल, कारण आता उत्तर फक्त त्याच्याकडे आहे. मग तो शब्द फळ्यावर लिहायचा. त्याच्या घरचा शब्द, शेजारी पुस्तकातला शब्द. बाकीच्यांनी दोन्ही वहीत उतरवायचे. याला खर्च किती? खडूचा एक तुकडा.

वीटभट्टीवर पाटी-पुस्तक जात नाही, पण कोडं जातं. त्याला दप्तर लागत नाही. आणि विटा मोजणाऱ्या माणसाच्या पोराला आकड्यांची कोडी यायलाच हवीत. एका थरात इतक्या, असे इतके थर, त्यातल्या फुटल्या इतक्या, हजारी दर इतका, उचल घेतली होती इतकी, मग हातात किती आले पाहिजेत? हे त्याच्यासाठी खेळातलं गणित नाही. हे न येण्यापायी किती घरं वर्षानुवर्षं उचलीत अडकून राहतात ते विचारा वाडीवर जाऊन.

तसं बघितलं तर आपल्या सगळ्यांचीच गत थोडी अशी आहे. आपल्या नदीच्या नावाचा पोशीर प्रकल्प २०२५ मध्ये मंत्रिमंडळात मंजूर झाला. आकडे पेपरात आले: साठा सुमारे १२.३४ टीएमसी, खर्च सुमारे ६,३९४ कोटी. आपण वाचले, फॉरवर्ड केले, झालं. धरण हवं की नको हा आजचा विषय नाही, त्यावर गावागावात वेगवेगळी मतं आहेत आणि ज्यांची जमीन जाणार त्यांचं मत आधी ऐकलं पाहिजे. पण मला सांगा, एक टीएमसी म्हणजे किती हंडे, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? हेच कोडं सातवीच्या मुलांना घाला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेत. गाव पाच हजार वस्तीचं माना. मग १२.३४ टीएमसी पाणी त्या एका गावाला किती वर्षं पुरेल?

मुलांना मांडू द्या. पाच हजार गुणिले ५५, रोजचे पावणेतीन लाख लिटर. वर्षाचे दहा कोटींच्या थोडे वर. उत्तर येतं जवळजवळ साडेतीन हजार वर्षं. अर्थात धरणातलं सगळं पाणी वापरता येत नाही, उन्हात उडून जातं, आणि ते दरसाल नव्याने भरतं, तेव्हा हे उत्तर जसंच्या तसं कुठे नेऊन दाखवू नका. पण एवढं पाणी महानगरातल्या शहरांना आणि उद्योगांना जाणार असेल, तर खालच्या-वरच्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन चालणाऱ्या बायकांचा त्यात वाटा किती, हा पुढचा प्रश्न सातवीचं मूल आपणहून विचारेल. ते मूल उद्या ग्रामसभेत बसेल. आज तिथे आकडे वाचले जातात आणि आपण सगळे मान डोलावतो, कारण आकड्याला प्रश्न विचारायची सवय आपल्याला कोणी लावलीच नाही.

पुरे, फार गंभीर झालं. एक हलकं घ्या. तालुक्यातली गावं आठवा आणि त्यांत लपलेली झाडं शोधा. पळसदरी, चिंचवली, बोरगाव ही सोपी. पिंपळोलीही सोपंच. उमरोलीत उंबर दिसला का? आपल्या शेजारच्या कळंबमध्ये कोण? एसटीत किंवा सहा आसनी रिक्षात बसल्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि हा खेळ सुरू करा, नेरळ कधी आलं कळणार नाही. नंतर विचारा की त्या गावात ते झाड आज आहे का. शब्द उलटे करायचा खेळही मजेचा. “रामाला भाला मारा” दोन्हीकडून सारखं वाचता येतं हे शाळेत आपण शिकलो. पण कडक, सरस, नमन, कनक असे साधे शब्द घेऊन मुलांना स्वतःचं वाक्य करायला लावा. आणि च-ची भाषा येते का अजून कोणाला? माझ्या आत्या दोघी आमच्यासमोर त्या भाषेत आमच्याच तक्रारी करायच्या.

काही आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

“जुनी कोडी आता कोणाला कळणार? जातं, उखळ, रहाट गेलं.” खरंय. म्हणून तर नवी हवीत. ज्या मुलीने विजेचं कोडं केलं तिने जातं बघितलेलं नाही, पण लाईट गेलेली भरपूर बघितली आहे. जुनी कोडी आजीकडून लिहून घ्या, कारण ती गेली की गेली. पण मुलांना फक्त जुनी पाठ करायला लावलीत तर ते परत पाठांतरच झालं.

“आमची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत.” असू द्या की. घरी जेवताना कुठल्या मीडियमचा डाळभात असतो? आणि इंग्रजीतही कोडी करता येतात, दोन भाषांत मिळून तर आणखी मजेची.

तिसरी गोष्ट मात्र मीच सांगतो, आक्षेप नसला तरी. जुन्या कोड्यांत काही घाणेरडीही आहेत. कोणाच्या जातीवर, कोणाच्या काळ्या रंगावर, बायकोवर, विधवेवर, आंधळ्या-लंगड्या माणसावर हसणारी. वारसा आहे म्हणून ती मुलांच्या तोंडी देऊ नका. अभ्यासकांनी ती नोंदवून ठेवावीत, आपण घरात आणि शाळेत ती खुशाल बाजूला ठेवावीत. ज्या कोड्याने वर्गातलं एक पोरगं मान खाली घालतं ते कितीही जुनं असलं तरी काय कामाचं?

आता काय करता येईल ते सांगतो, आणि यात निधी, मंजुरी, उद्घाटन, बॅनर काहीही लागत नाही. २०२४ पासून सरकारी शाळांत “आनंददायी शनिवार” आहे, पहिली ते आठवीला. त्यातला अर्धा तास मागून घ्या. कोणाकडून? आपल्याच शाळा व्यवस्थापन समितीकडून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत पाऊण सभासद पालक असतात, म्हणजे तुम्हीच. त्या अर्ध्या तासात मोठ्यांनी कोडी घालायची नाहीत, एवढा एकच नियम ठेवा. शिक्षकांनी नाही, पालकांनी नाही, पाहुण्यांनी तर नाहीच. कोडी मुलं घालतील. आठवडाभर घरी, शेतात, वाडीवर हिंडून आणतील किंवा स्वतः करतील, ज्याला जी भाषा येते त्या भाषेत. उत्तरं मोठे देतील, अडले तर पोरांसमोर “हरलो” म्हणतील. नंबर काढायचे नाहीत, बक्षीस नाही, घंटी नाही. महिन्यातून एकदा वाडीवरच्या दोन आज्यांना बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या. शाळेच्या भिंतीवर एक फळा फक्त कोड्यांचा ठेवा, प्रश्न सोमवारी लिहायचा आणि उत्तर शनिवारी.

घरी करायचं तर त्याहून सोपं. बालभारतीचं “किशोर” मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला आहेत, त्यात कोड्यांची पानं भरपूर. गावातल्या वाचनालयात कोणाला जुने अंक द्यायचे असतील तर पोचवायची जबाबदारी माझी.

या शनिवारी मी आमच्या शाळेत विचारायला जाणार आहे. पोशीर, कळंब आणि आजूबाजूच्या वाड्यांवरून आणखी कोणी आपापल्या शाळेत विचारणार असेल तर कळवा, बरोबर जाऊ. आणि त्या बगळ्यांचं उत्तर मला पाठवू नका, तुमच्या पोरांना पाठवायला सांगा. चित्र काढून.